कुमारांसाठी अद्भुत कादंबरी: कुंभारीतल्या ओट्यापासून छापखान्यापर्यंत

जून २०२३ मध्ये सोलापुरात साखर कारखान्याची चिमणी पाडली. दिवसभर वसाहतीत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ. संध्याकाळी शेजारचं चार वर्षांचं पोरगं माझ्या ओट्यावर आलं आणि काळजीनं विचारलं, "मावशी, चिमणीला लागलं का?"

चिमणी म्हणजे धुराडं, हे त्याला समजावायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मिलच्या गावात जन्म गेला, भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं पाहिली, पण एवढ्या उंच वस्तूला आपण एवढ्याशा पाखराचं नाव देतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री जुन्या कीर्दवहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहिली: 'मिल बंद पडली त्या रात्री चिमणी उडून गेली.' त्या ओळीची १७६ पानांची छापील कादंबरी व्हायला दोन वर्षं लागली.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. शिक्षण बी.कॉम. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, म्हणून सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आमचं घर आहे. साहित्यिक वर्तुळ वगैरे माझ्या ओळखीचं नाही. तेव्हा खाली जे सांगतेय ते पहिल्याच पुस्तकात पडलेले खड्डे आणि सापडलेल्या पायवाटा एवढंच आहे. ज्याला तेरा ते सतरा वयाच्या पोरांसाठी अद्भुत गोष्ट लिहायचीय, त्याला कामाला येईल.

आधी वाचकाचं वय

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात 'यंग अडल्ट' नावाचं वेगळं कपाट असतं, साधारण बारा ते अठरा वयासाठी. मराठी दुकानात एका बाजूला बालसाहित्य, दुसऱ्या बाजूला कादंबऱ्या, आणि मधल्या बोळात आठवी-नववीतली पोरं उभी. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. त्यावर वाढलेलं पोरगं पुढे एकदम जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर उडी मारतं, नाहीतर इंग्रजीकडे वळतं, नाहीतर मोबाइल आहेच. आपल्याला त्या बोळातल्या पोरांसाठी लिहायचंय.

नववीतल्या मुलीला सहावीतल्या मुलीची गोष्ट नको असते. नायिका वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठीच ठेवा. माझी लच्ची पंधरा वर्षांची आहे. दुसरं म्हणजे, बालकथेत अडचण आली की आजोबा येतात, गुरुजी येतात, निदान पोलीस तरी येतात. इथे मोठी माणसंच चुकलेली असतात, आणि ती चुकली आहेत हे पोरांना पहिल्यांदा कळतं तेच खरं कथानक. लच्चीचे वडील तिच्याशी खोटं बोललेत. ते वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. ही एक गोष्ट नीट ठरली आणि निम्मी कादंबरी आपोआप रांगेला लागली.

तात्पर्य लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला, दोन ठिकाणी. दोन्ही ठिकाणी माझ्या भाचीनं पेन्सिलनं 'परिपाठ' असं लिहून ठेवलं होतं.

कांडी कुठली घ्यायची

पहिल्या मसुद्यात माझ्याकडे उडणारा सर्प होता, बर्फाचा डोंगर होता आणि जांभळ्या डोळ्यांचा राजपुत्र होता. बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या लाकडी पेटीत पाहिलाय. चाळीस पानं लिहिली आणि वाचताना मलाच झोप आली.

मग एके दिवशी कारखान्यात मागासमोर उभी होते. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी असते. आणि गोष्टीतल्या परीच्या हातातही कांडीच असते! आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द देऊन ठेवलाय आणि मी बर्फाच्या डोंगरात शोधत बसले होते. सोलापुरात कांड्या भरायचं काम किती बायकांनी केलंय विचारा. प्रत्येकीच्या हातात रोज जादूची कांडी होती, फक्त मजुरी नगावर मिळत होती. त्या दिवसापासून माझ्या कादंबरीत जादू विणकामाची झाली.

तुमच्या गावात माग नसेल. वीटभट्टी असेल, ऊसतोड असेल, पानमळा असेल. ज्या कामाचे शब्द तुम्हाला झोपेत विचारले तरी येतात, त्या कामातून जादू काढा. वाचकाला ते काम माहीत नसलं तरी चालतं. सांगणाऱ्याला ते येतंय हे त्याला बरोब्बर कळतं.

आता जादूचा नियम. याबद्दल नवे लेखक फार घोळ घालतात. नायक अडकला की नवीन मंत्र, पुन्हा अडकला की आणखी एक मंत्र. आपल्या जुन्या कथांमध्ये बघा, शाप दिला की उःशापही तिथल्या तिथे सांगून टाकायची पद्धत आहे. काय होणार, कधीपर्यंत होणार, कशानं सुटणार, सगळं आधीच. ऐकणाऱ्याला सुटका माहीत असते, तरी तो जागा राहतो, कारण उःशापाची अट पाळणं अवघड असतं. जादूचा नियम म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या घरचाच आहे.

माझ्या कादंबरीत नियम असा: लच्चीनं एक हात कापड विणलं की घडून गेलेली एक गोष्ट त्या कापडावर पुन्हा घडताना दिसते. त्या बदल्यात तिच्या स्वतःच्या आयुष्यातला एक दिवस पुसला जातो. कुठला दिवस जाईल, हे तिच्या हातात नाही. मी हिशेबनीस असल्यामुळे याची चक्क वही घातली. डावीकडे जमा: कापड किती हात. उजवीकडे खर्च: दिवस किती गेले, त्या दिवशी काय होतं, आणि ते कुणाला आठवतंय. सातव्या प्रकरणात ती आई गेली तो दिवस विसरते. पुढे घरात कोणी आईचा विषय काढला की ही आत जाऊन आईला हाक मारते. हा प्रसंग मी ठरवून घातलेलाच नाही. वहीत खर्चाची ओळ रिकामी दिसत होती, ती भरायला बसले आणि तो सापडला.

टॉवेलच्या मागाचं आणखी एक सांगते, कारण रचनेबद्दल कुठल्याही कार्यशाळेपेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे दोन बीम (रूळ) असतात. एक घट्ट ताणलेला, त्याचं कापड बनतं. दुसरा सैल सोडलेला, त्याच्या दोऱ्याचे वेढे वर उठतात आणि तोच टॉवेलचा मऊपणा. अद्भुत कादंबरीचं तसंच. घर, भूक, मैत्रिणीशी अबोला, बापाचं कर्ज हा घट्ट बीम. जादू हा सैल बीम. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही बीम सैल होते. नुसता गुंता. आता कुठलंही प्रकरण लिहिलं की मी विचारते, यातली जादू काढून टाकली तर खाली काही ताणलेलं उरतं का?

देव, भुतं आणि आईचा आक्षेप

सोलापूरचा माणूस अद्भुत लिहायला बसला की सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली अडुसष्ट लिंगं, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, त्या यात्रेत मिरवणाऱ्या सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या हे सगळं समोर येऊन उभं राहतं. मीही एका प्रसंगात रात्री आपोआप चालणारी उंच काठी घातली होती, खलनायकाच्या हातात. आईला वाचून दाखवलं. ती सूप मांडीवरून खाली ठेवून म्हणाली, "ज्याच्यापुढं आपण हात जोडतो त्याला तू ह्या माणसाच्या हातात दिलीस?" मी म्हटलं, अगं ती वेगळी काठी आहे. ती म्हणाली, "वाचणाऱ्याला सांगायला तू त्याच्या घरी जाणार आहेस काय?"

काठी काढली. तेव्हापासून माझा दंडक असा: ज्याला लोक आज नमस्कार करतात ते उचलायचं नाही. ज्याची नुसती भीती घालतात ते खुशाल घ्यावं. मुंजा, हडळ, चकवा. साती आसरा घ्यायच्या फार मनात होत्या, पण विहिरीवर त्यांची ओटी अजून भरली जाते, म्हणून त्या सोडल्या. चकवा मात्र पुरेपूर वापरला. रात्रभर चालून माणूस पहाटे त्याच बाभळीपाशी, ही कल्पना किती मोठी आहे! माझ्या चकव्याला बंद मिलच्या आवारात ठेवलं. (सात रस्ता चौकात तर नव्या माणसाला भुताशिवायच चकवा लागतो.)

भाषा

आमच्या गावात एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही ऐकू येतात. लच्चीच्या तोंडी "काय करालास बे?" आहे. एका जाणकारांनी सुचवलं की 'बे' काढा, अशिष्ट वाटतो. मी नाही काढला. सोलापुरात 'बे' म्हणजे शिवी नव्हे, तो स्वल्पविराम आहे. पण निवेदन मात्र सरळ प्रमाण मराठीकडे झुकणारं ठेवलं, कारण दीडशे पानं बोलीत वाचायला जळगावच्या किंवा चिपळूणच्या पोराला दम लागतो. संवाद बोलीत, निवेदन साधं. मला एवढं पुरलं.

नावं घडवताना जिभेवर घोळवून बघा. 'झ्वारेंद्रक्ष' असलं नाव कुणी मोठ्यानं म्हणणार नाही, मैत्रिणीला सांगणारही नाही. माझ्या खलनायकाचं नाव 'मुकादम' आहे. बस.

लिहायचं कधी

कामावर जाणाऱ्या माणसाला पहाटेशिवाय वेळ नसतो. मी पाच ते सहा लिहायची, रोज फार तर चारशे शब्द, पाणी येणारा दिवस सोडून. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या पहाटे हंडे आणि पिंप भरायचे असतात, तिथे सरस्वतीसुद्धा नळाला पाइप लावत बसेल. मी तो दिवस लिहिण्याच्या वेळापत्रकातच धरला नाही, त्यामुळे चुकल्याची टोचणीही नाही. अकरा महिन्यांत ७१,००० शब्द झाले.

गावाचा नकाशा जरूर काढा. चादरीची नक्षी जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) चढवण्याआधी ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवून काढतात, तो कागद मी कारखान्यातून मागून घेतला. एक चौकोन म्हणजे शंभर पावलं. लच्ची तळ्यापासून चिमणीपर्यंत चालत किती वेळात जाईल, हे मला मोजता येऊ लागलं आणि तीन प्रकरणांमधल्या वेळेच्या चुका तिथेच सापडल्या.

छाट

आई विड्या वळून कारखान्यात द्यायला जायची. तिथे तपासणारा माणूस जुडी हातात घेऊन नुसती फिरवायचा आणि खराब विड्या बाजूला काढायचा. त्या विड्यांची मजुरी नाही. पान गेलं, तंबाखू गेली, वेळ गेला. लहानपणी त्या माणसाचा मला राग यायचा. कादंबरी लिहून झाल्यावर तसा माणूस शोधत फिरले.

नातेवाईक उपयोगाचे नाहीत. ते "छान आहे" म्हणतात आणि चहा मागतात. शिक्षक शुद्धलेखन तपासतात. मला हवी होती खरी गिऱ्हाइकं. भाची आणि तिच्या वर्गातली तिघं, अशी चार पोरं गाठली. प्रत्येकाला झेरॉक्स काढून सुटी पानं दिली आणि एकच काम सांगितलं: आवडलं की नाही ते सांगू नका, वाचताना जिथे पानं खाली ठेवाल तिथे पेन्सिलनं रेघ मारा. जेवायला उठलात तरी मारा.

चौघांच्या चार प्रती परत आल्या. अठ्ठ्याहत्तराव्या पानापर्यंत रेघा इकडे-तिकडे विखुरलेल्या. अठ्ठ्याहत्तरवर मात्र चौघांचीही रेघ. ते माझं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं, त्या नगराचा तीनशे वर्षांचा इतिहास. राजे, दुष्काळ, तह. लिहायला सात आठवडे लागले होते. मी भाचीला म्हटलं, अगं पण पुढचं कळायला हे लागतं. ती म्हणाली, "मामी, मला तिथून पुढं वाचलं तरी कळलं." तिनं ते प्रकरण गाळून पुढचं वाचलं होतं!

बावीस पानं एका झटक्यात छाटली. त्यातलं एक वाक्य मुकादमाच्या तोंडी घातलं, तेवढं पुरलं. ७१,००० चे ४८,००० शब्द व्हायची सुरुवात झाली ती अशी.

टंकलेखन आणि तीन दर्या

सुरुवातीपासून युनिकोडमध्ये लिहा, आणि रोजची प्रत स्वतःला मेल करून ठेवा. छापखान्यात मात्र अजून बऱ्याच ठिकाणी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उतरवतात, आणि त्या उताऱ्यात मराठीची खास अक्षरं घसरतात. 'ॲ' जातो, आणि मुख्य म्हणजे 'ऱ्य' जातो. माझ्या पहिल्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांत, लच्ची 'तीन दऱ्या ओलांडून' जाण्याऐवजी 'तीन दर्या ओलांडून' गेली होती. तीन समुद्र! सोलापुरातून! आणि अद्भुत कादंबरी असल्यामुळे मुद्रितशोधकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वास्तववादी कादंबरी असती तर पकडलं असतं. म्हणून पहिलं प्रुफ आलं की आधी हे शब्द शोधा: दऱ्या, दोऱ्या, वाऱ्यावर, ताऱ्यांचा. माझ्या पुस्तकात दोराच दोरा असल्यामुळे एकशे चौदा ठिकाणी दुरुस्ती निघाली.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर घातलेले चार. अठराच नियम, एका दुपारी वाचून होतात. वाचा.

प्रकाशक

सरसकट सगळ्यांना पाठवू नका. वाचनालयात जाऊन मुलांची आणि कुमारांची पुस्तकं उलटून बघा, कोण छापतं त्यांची नावं आतल्या पानावरून उतरवून घ्या. मी असे सातजण काढले. पाठवायचं काय: एक पानाचं पत्र, एक पानाचा कथासार, आणि पहिली तीन प्रकरणं. कथासारात शेवट सांगा. 'पुढे काय होतं ते वाचूनच कळेल' हे वाचकासाठी ठीक, प्रकाशकाला शेवट माहीत नसेल तर तो पैसे कशावर लावणार? आणि एकाच वेळी अनेकांना पाठवलं असेल तर तसं पत्रात सरळ लिहा.

सातांपैकी चौघांकडून उत्तरच आलं नाही. एकांनी सभ्य नकार दिला. एकांनी फोन करून कादंबरीची तोंडभरून स्तुती केली आणि शेवटी पाचशे प्रतींचा खर्च माझ्याकडे मागितला. पैसे देऊन छापणं हा गुन्हा नाही, पण मग ते तुमचं दुकान आहे, समोरचा फक्त छपाईचा ठेकेदार. प्रती कुणाच्या ताब्यात, विक्री कोण करणार, हिशेब कधी देणार, हे कागदावर घ्या. मी त्यांना विचारलं की विक्रीची जबाबदारी कुणाची. म्हणाले, "चांगलं पुस्तक स्वतः विकलं जातं." मी कारखान्यात हिशेब लिहिते. चांगला टॉवेलसुद्धा स्वतः विकला जात नाही.

सातव्यांनी चार महिन्यांनी होकार दिला.

एक वाट मला उशिरा कळली, ती तुम्हाला आधी सांगते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही अशाच्या पहिल्या पुस्तकाला छपाईसाठी अनुदान मिळतं, हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून घेतल्यावर. मंडळाची जाहिरात निघते तेव्हा अर्ज करायचा. पुस्तक छापून मोकळं झालात की ही वाट बंद, माझी झाली तशी.

करार

इथे लाजू नका. लेखक म्हणवून घ्यायच्या आनंदात माणूस कशावरही सही करतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिलं की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कलम १९ तर प्रत्येक नवलेखकानं वाचावं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर नुसता बसून राहिला, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क परत येतो.

माझ्या कराराच्या मसुद्यात 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी' असे शब्द होते. मी विचारलं, ऑडिओ आणि सिनेमा तुम्ही करणार आहात का? नाही म्हणाले. मग काढा की. काढले. भांडण वगैरे काही झालं नाही. बहुतेक वेळा तो जुना मसुदाच पुढे सरकवलेला असतो.

आकडे सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. किंमत २६० रुपये. मला विकल्या गेलेल्या प्रतीवर दहा टक्के, म्हणजे २६ रुपये. मार्चअखेर ३१२ प्रती गेल्या. ८,११२ रुपये. आईनं तो आकडा दोनदा विचारून घेतला, मग दोन वर्षांनी भागून बघितला आणि मला म्हणाली, "विड्याच बऱ्या होत्या की." नोकरी सोडू नका, एवढं यावरून कळावं.

छपाई

थोडक्यात. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मनं छापतात, त्यामुळे पानं सोळाच्या पटीत बसवा. माझे अकरा फॉर्म, १७६ पानं. दोन पानं जास्त झाली असती तर बाराव्या फॉर्मचा कागद माथी बसला असता, म्हणून शेवटच्या प्रकरणातले दोन परिच्छेद खरडले आणि ते बरंच झालं. स्वतः छापत असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मोफत मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. आणि तुम्हीच प्रकाशक असाल तर १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवणं तुमच्यावर येतं.

मुखपृष्ठ पोरांना दाखवूनच ठरवा. पहिल्या चित्रात लच्ची गोरीपान आणि सहावीतली दिसत होती. भाचीच्या मैत्रिणीनं ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "हिनं कधी कांडी भरली नाही." चित्रकारानं बिचाऱ्यानं पुन्हा काढलं, आणि मी त्याला त्या दुसऱ्या चित्राचे वेगळे पैसे दिले. तेही देत जा.

पुस्तक आल्यावर

प्रकाशन समारंभ केला नाही. हार, शाल, तीन भाषणं, आणि श्रोत्यांत एकही पोरगं नाही, असं दृश्य डोळ्यापुढे येत होतं. त्याऐवजी शाळांमध्ये ऑफ तास मागितले. एका तासात पस्तीस मिनिटं हाताशी लागतात. त्यात आपलं चरित्र सांगू नका, वाचा. मी चकव्याचं प्रकरण वाचते आणि लच्ची गेटपाशी तिसऱ्यांदा परत येते तिथे थांबते. मग पोरांना विचारते, तुम्ही कसे सुटला असता? एका मुलानं सांगितलं, "मी चाललोच नसतो. बसून राहिलो असतो." माझ्या कादंबरीतल्या उत्तरापेक्षा ते चांगलं आहे, पण पुस्तक छापून झालं होतं.

शाळेच्या ग्रंथालयात दोन प्रती ठेवून या, सार्वजनिक वाचनालयांना पत्र लिहा. आमच्या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यातली वाचनालयं अजून उघडतात, आणि तिथे एक प्रत वीस हातांतून जाते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळे विभाग आहेत, प्रवेशिका पाठवायला विसरू नका. मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठवली.

मागच्या महिन्यात मोहोळकडच्या एका शाळेतून पोस्टकार्ड आलं. आठवीतला मुलगा. कादंबरी आवडली की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं होतं: 'अकराव्या प्रकरणात लच्ची साडेतीन हात कापड विणते. तिचे चार दिवस गेले असे लिहिले आहे. साडेतीन जायला पाहिजे होते. अर्धा दिवस कुठे गेला?'

मी कपाटातून जमाखर्चाची वही काढली. खरंच. साडेतीनला मी सवयीनं वर पूर्णांक केला होता, कारखान्याच्या बिलात करते तसा. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करायची तर लच्चीचा अर्धाच दिवस पुसावा लागेल. कालपासून वही उघडी ठेवून बसलेय. सकाळचा अर्धा जाऊ द्यावा की दुपारनंतरचा? दुपारनंतर तिची आणि वडिलांची भेट आहे.